वर तर वर, आत तर आत

इंग्लंडातल्या चष्म्याच्या दुकानात माझ्या नोकरीचा तिसरा आठवडा होता. शनिवार, दुकान गच्च भरलेलं. सहा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर चष्मा न्यायला आला. मी ट्रेवरचं नाव वाचलं, चष्मा उचलला, काड्या उघडल्या आणि पोराच्या नाकावर ठेवला. उजवी बाजू जराशी वर दिसत होती. काढला, उजव्या काडीला बिजागरीपाशी वरच्या अंगाला किंचित बाक दिला, परत चढवला. सरळ बसला. सगळं मिळून वीस सेकंद. आई 'लव्हली' म्हणाली. मी डबी तिच्या हातात देणार, इतक्यात मागून एक हात आला आणि ट्रेवर येऊन थांबला.

"एक मिनिट," आमची सुपरवायझर म्हणाली. साठीकडे झुकलेली वेल्श बाई. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. ती त्या मुलासमोर गुडघ्यावर बसली. त्याला खाली बघायला लावलं, मान हलवायला लावली, वरून डोक्याच्या बाजूने पाहिलं, मग कानामागचं कातडं बोटाने दाबून पाहिलं. चष्मा काढून काडीचं टोक गरम केलं आणि काडी जिथे कानामागे वळते तो बाक तीन-चार मिलिमीटर पुढे आणला. पुन्हा मान हलवायला लावली. सात मिनिटं गेली. मग कॉम्प्युटरवर काहीतरी लिहिलं आणि मुलाला म्हणाली, "आता पळ."

आई गेल्यावर माझ्याकडे वळली. "लहान मुलाचा चष्मा तू एकटीने द्यायचा नाहीस. मी आत होते. मला बोलावलं का नाहीस?"

मला राग आला होता. खरं सांगायचं तर अपमान वाटला होता. माझं बालपण चष्म्याच्या दुकानात गेलंय.

सांगलीला हरभट रोडच्या एका बोळात मामाचं दुकान. आठ फूट रुंद असेल. शाळा सुटली की मी तिथे. काचेचं कपाट पुसायचं, फ्रेमवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि पुढे पुढे मागच्या बाजूला दगडाच्या चाकावर भिंग घासणाऱ्या माणसाला पाणी सोडून द्यायचं. तो भिंगाचा ओला पांढरा चिखल अजून डोळ्यासमोर आहे. बारा वर्षांची असताना मी काड्या सरळ करत होते. मामाने एकच मंत्र दिला होता, 'वर तर वर, आत तर आत.' चष्म्याची जी बाजू चेहऱ्यावर वर चढलीय, त्या बाजूची काडी वर वाकवायची, म्हणजे ती बाजू खाली येते. जी काच गालाच्या आत आत जातेय, तिची काडी आत घ्यायची, म्हणजे काच बाहेर येते. ऐकायला उलटं वाटतं. पण काडी कानावर टेकलेली असते, ती हलत नाही, हलतं ते पुढचं. एकदा हाताला समजलं की विचार करावा लागत नाही.

मामाच्या दुकानात परवाना म्हणजे गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलं शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट. ते मिठाईवाल्याकडेही असतं. डोळे तपासायला आठवड्यातून दोनदा एक डॉक्टर यायचे, बाकी दिवस लोक चिठ्ठी घेऊन यायचे. चष्मा बनवून देणाऱ्याकडे कुणी कागद मागितला नाही. बोर्डावर मात्र 'ऑप्टिशियन' असं लिहिलेलं होतं, लाल अक्षरात.

लग्नानंतर इंग्लंडला आले ते रेडिंग या गावात. ह्या गावाचं स्पेलिंग 'वाचन' या शब्दाचंच, त्यामुळे मामाला वर्षभर वाटत होतं की मी चाळिशीचे चष्मे विकते म्हणून गावाला तसं म्हणतात. इथे 'ऑप्टिशियन' शब्दाचा घोळ आणखी वेगळा. लोक डोळे तपासायला 'ऑप्टिशियनकडे' जातात, पण तपासणारा असतो ऑप्टोमेट्रिस्ट. तपासणी झाल्यावर नंबराच्या कागदावरून भिंग कुठलं, फ्रेम कुठली, मापं काय, आणि शेवटी तो चष्मा त्या माणसाच्या चेहऱ्यावर कसा बसला पाहिजे हे पाहणारा दुसरा माणूस असतो. तो डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन. ही पदवी कायद्याने राखीव आहे. जनरल ऑप्टिकल कौन्सिल म्हणजे या व्यवसायावर नजर ठेवणारी संस्था, तिच्या रजिस्टरात नाव नसताना ती लावली तर गुन्हा. मी होते नुसती 'ऑप्टिकल असिस्टंट'.

त्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सुपरवायझरने मला चहा दिला आणि कायदा समजावला. तिच्या तोंडून ऐकताना तो मला अर्धवट वाटला, आजही थोडासा वाटतो. १९८४ पर्यंत इंग्लंडात चष्मा विकणं हा नोंदणी असलेल्यांचाच मक्ता होता. मग सरकारने बाजार मोकळा केला. आता मोठ्या माणसाला दोन वर्षांच्या आतलं प्रिस्क्रिप्शन असेल तर कुणीही चष्मा विकू शकतो. फक्त काही जण बाजूला काढून ठेवले. सोळा वर्षांखालची मुलं, आणि दृष्टी अधू किंवा फारच अधू म्हणून ज्यांची नोंद झालीय अशी माणसं. यांना चष्मा द्यायचा तर नोंदणी असलेल्यानेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली. देखरेख म्हणजे तो माणूस त्या वेळी त्याच इमारतीत हजर हवा, आणि चुकत असेल तर मध्ये पडता यायला हवं. फोनवरची देखरेख चालत नाही.

"पण मी बसवलेला चष्मा सरळ होता," मी म्हटलं.

"सरळ होता," ती म्हणाली. "पण त्याने मान खाली घातली की पाच मिलिमीटर घसरत होता. तू मान खाली घालायला लावलीच नाहीस."

मग तिने त्या पोराचा नंबर दाखवला. उजवा डोळा प्लस साडेसहा, डावा प्लस चार. चष्म्याशिवाय डोळा आत वळायचा. असा मुलगा घसरलेल्या चष्म्याच्या वरून बघू लागला की त्याने चष्मा घातलाच नाही असं समजायचं. डोळा पुन्हा आत वळतो, कमजोर डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करायला लागतो, आणि त्याला वळण लावायला हाताशी असलेली वर्षं थोडीच असतात. सात-आठ वर्षांनंतर ते काम अवघड होत जातं. मोठा माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, की बाई, चष्मा घसरतोय. सहा वर्षांचं पोर काही बोलत नाही. त्याला वाटतं चष्मा असाच असतो.

त्या वाक्यापाशी माझा राग गेला. पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे २०१४ ला, मी कोर्सला नाव घातलं.

सांगलीहून दहावीचं मार्कशीट मागवावं लागलं. गणित, विज्ञान, इंग्रजी या विषयांत पास असल्याचा पुरावा. बी.कॉम.चं सर्टिफिकेट मी मोठ्या अभिमानाने पाठवलं होतं, त्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मग जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे विद्यार्थी म्हणून नोंदणी. हे मला नवलाचं वाटलं. शिकायला लागायच्या आधीच रजिस्टरात नाव. म्हणजे विद्यार्थी असताना गैरवागणूक केली तरी जाब विचारला जाऊ शकतो. नवरा म्हणाला, "तुला अजून काही येत नाही आणि तुझी तक्रार मात्र करता येते."

कोर्स तीन वर्षांचा. नोकरी चालू ठेवून घरून अभ्यास, वर्षात बत्तीस आठवडे स्वाध्याय, आणि दोनदा दोन-दोन आठवडे प्रत्यक्ष कॉलेजात. ते असोसिएशन ऑफ ब्रिटिश डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन्सचं कॉलेज. सगळे त्याला 'ॲब्डो' म्हणतात. स्वाध्याय दर आठवड्याला यायचा आणि मी तो दर आठवड्याला शेवटच्या रात्री करायचे. पहिल्या वर्षात प्रकाशशास्त्राने घाम फोडला. कॉमर्सवाल्या बाईला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कळतं की आकृतीत प्रकाश कायम डावीकडून उजवीकडेच जातो आणि उलट मोजलं तर वजा चिन्ह लावायचं. चिन्ह चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही उत्तर उलटं.

पण एकेक सूत्र समजत गेलं तशी गंमत यायला लागली, कारण बरीच सूत्रं मी मामाच्या दुकानात आधीच पाहिली होती. उदाहरणार्थ, भिंग डोळ्यापासून किती लांब आहे त्यावर त्याचा परिणाम बदलतो. पाचच्या वरचा नंबर असेल तर तपासताना भिंग डोळ्यापासून किती मिलिमीटरवर होतं हे प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं असावं लागतं. प्लस दहाचं भिंग दहा मिलिमीटर पुढे सरकवलं तर डोळ्याला ते साधारण प्लस अकराच्या थोडं वर लागतं. हे गणित सोडवताना मला एकदम मामाच्या दुकानातले म्हातारे आठवले. मोतीबिंदू काढल्यावर आत भिंग न बसवण्याच्या काळातले, बशीसारखे जाड चष्मे घातलेले. पेपर वाचायचा झाला की ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे. आम्ही पोरं हसायचो. ते बिचारे वाचण्यापुरता नंबर वाढवून घेत होते.

रविवारी मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हे तर मला माहीतच आहे. म्हणून तर मी त्यांच्या नाकाच्या गाद्या जरा सैल ठेवायचो."

"आणि वर तर वर, आत तर आत? तिकडे पण तसंच?" त्यानेच पुढे विचारलं.

"तसंच, मामा. पुस्तकात छापलंय."

"मग तीन वर्षं काय शिकवणार आहेत तुला?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

कॉलेज केंट परगण्यात गॉडमरशम नावाच्या खेड्यात, स्टूर नदीच्या काठी. लाल विटांचा, अठराव्या शतकातला मोठा वाडा, भोवती हिरवीगार कुरणं आणि मेंढरं. रेडिंगहून लंडन, लंडनमध्ये स्टेशन बदलून दुसरी गाडी, मग पुढे. हा वाडा एके काळी इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या भावाचा होता आणि ती इथे येऊन राहायची, हे पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या डोक्यात मात्र एकच चालू होतं की एवढ्या मोठ्या वाड्यात आपण लोकांची नाकं मोजायला आलोय.

आणि खरंच नाकं मोजली. इथे मला पहिल्यांदा कळलं की मामाकडे ज्याला आम्ही 'बसतोय का बघ' म्हणायचो, त्याला आठ-दहा वेगवेगळी मापं आहेत. नाकाचा दांडा खालच्या पापणीच्या रेषेपासून किती वर आहे. नाक समोरून किती फाकतं, तो कोन. वरून पाहिलं तर मागे जाताना किती पसरतं, तो वेगळा कोन. कानशिलापाशी डोकं किती रुंद, कानापाशी किती. बिजागरीपासून कानाच्या वळणापर्यंत काडी किती लांब. त्यासाठी फेअरबँक्स गेज नावाची पट्टी मिळते, कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी, मध्ये नाकासाठी खाच कापलेली. आम्ही एकमेकांची मापं घेतली. माझ्या नाकाचा दांडा वर्गात सर्वात बसका निघाला. इतकी वर्षं माझा स्वतःचा चष्मा का घसरतो याचा उलगडा केंटमध्ये झाला. फ्रेम ज्या नाकासाठी बनली होती ते माझं नव्हतं.

लहान मुलांचं तर याहून वेगळं. मुलाचं नाक म्हणजे मोठ्यांच्या नाकाची छोटी आवृत्ती नसते. दांडा बसका असतो, फाकण्याचा कोन जास्त असतो. आणि बाजारातल्या निम्म्या बालफ्रेम्स म्हणजे मोठ्यांची फ्रेम फोटोकॉपी मशीनवर लहान केल्यासारख्या. वरून कार्टूनचं चित्र. हे मला आजही चीड आणतं. आई-बाप चित्र बघून फ्रेम निवडतात, पोरगं रंग बघून, आणि नाक काय म्हणतंय ते कुणी विचारत नाही.

दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायची रीतही तिथे पहिल्यांदा नीट शिकले. मामा पट्टी धरायचा, अंदाज घ्यायचा, 'बासष्ट' म्हणायचा आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. इथे समोर, एकाच उंचीवर, हातभर अंतरावर बसायचं. आपला उजवा डोळा मिटायचा, समोरच्याला आपल्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगायचं, पट्टीचा शून्य त्याच्या उजव्या बाहुलीवर लावायचा. मग पट्टी न हलवता आपला उजवा डोळा उघडायचा, डावा मिटायचा, समोरच्याला आता त्या उजव्याकडे बघायला सांगायचं, आणि त्याच्या डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचायचा. बोटं त्याच्या कपाळाला टेकलेली हवीत, नाहीतर पट्टी थरथरते. मला एक डोळा मिटला की दुसराही अर्धा मिटायची सवय. दोन आठवडे आरशासमोर डोळे मारत होते. घरमालकीण संशयाने बघायची.

आणि अंतर दोन्ही डोळ्यांचं वेगळं लिहायचं. नाक बरोबर मध्ये असतंच असं नाही. इतकं काटेकोर का, तर एक साधं गुणाकाराचं सूत्र आहे, प्रेंटिसचं. भिंगाचं केंद्र बाहुलीपासून जितके सेंटिमीटर सरकलं, गुणिले नंबर, तितकं प्रिझम तयार होतं, म्हणजे भिंग प्रकाश तितका एका बाजूला वळवतं. मी माझ्या त्या शनिवारच्या पोराचं गणित घालून पाहिलं. समजा काचेची रुंदी ४४, मधला पूल १६, म्हणजे दोन काचांच्या मध्यांतलं अंतर ६०. पोराच्या बाहुल्यांचं ५२. केंद्रं आत न घेता भिंगं तशीच बसवली तर प्रत्येक बाजूला चार मिलिमीटर फरक. ०.४ गुणिले साडेसहा, २.६. डॉक्टरांनी कुठेही न लिहिलेलं २.६ प्रिझम एका डोळ्यासमोर आणि १.६ दुसऱ्यासमोर. चष्मा दिसायला सुंदर, नंबर अगदी बरोबर, आणि तरी चुकीचा. आकडे वहीत मांडले आणि मामाच्या 'बासष्ट'बद्दल पहिल्यांदा पोटात कसंतरी झालं. 'बहुतेक वेळा' बरोबर. उरलेल्या वेळी?

दुकानात परत आल्यावर केस रेकॉर्ड लिहायची असायची. प्रत्येक ग्राहकाचं काय केलं आणि का केलं. माझ्या पहिल्या रेकॉर्डमध्ये मी लिहिलं होतं, 'चष्मा नीट बसवून दिला.' सुपरवायझरने 'नीट'भोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'म्हणजे काय?' हा लाल गोल मी तीन वर्षं खाल्ला. भिंग पातळ का घेतलं, दुसरं का नाही, घेतल्याने तोटा काय, तो तोटा ग्राहकाला सांगितला का. हात चालायचे, पेन अडायचं.

पेन अडत होतं तिथेच परीक्षा अडली. २०१७ च्या उन्हाळ्यात लेखी पेपर सगळे पास झाले, प्रकाशशास्त्रसुद्धा. प्रॅक्टिकलच्या एका भागात नापास झाले, आणि तो भाग होता चष्मा बसवण्याचा. म्हणजे जे मी बारा वर्षांची असताना करत होते ते.

काय झालं ते सांगते. समोर एक माणूस बसलेला, त्याला चढवलेला चष्मा वाकडा. उजवी बाजू वर. मी बघितलं, चष्मा काढला, उजवी काडी वर घेतली, चढवला. अजून वाकडा. पुन्हा थोडी घेतली. आता उंची जमली पण डावी काच गालात शिरली. आत तर आत, डावी काडी आत घेतली. मग काडी कानावर दाबायला लागली. माझ्या हातांना घाम. परीक्षक शांतपणे म्हणाले, "तुम्ही आत्ता काय केलंत आणि का, ते सांगाल का?" मी म्हणाले, "वाकडा दिसत होता म्हणून." त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. त्यांच्या मान डोलावण्यावरूनच कळलं.

फ्रेमचा पुढचा भागच पिळलेला होता, पंख्याच्या पात्यासारखा. एक काच पुढे कललेली, दुसरी मागे. काड्यांचा काही दोष नव्हता. चष्मा आधी टेबलावर उलटा ठेवून चारी बाजू टेकतात का हे पाहिलं असतं तर पाच सेकंदांत दिसलं असतं. आधी टेबलावर सरळ करायचा, मग चेहऱ्यावर बसवायचा, हा पहिल्या वर्षाचा धडा. मला पाठ होता. पण हातांनी मला विचारलंच नाही, ते थेट सांगलीला गेले.

त्याच सप्टेंबरात इंग्लंडात दहा पौंडांची नवी नोट आली, प्लास्टिकची. तिच्यावर जेन ऑस्टिन, आणि तिच्या चित्रामागे वाडा. गॉडमरशम पार्क. दुकानात दिवसातून वीस वेळा कुणीतरी माझ्या हातात माझं कॉलेज द्यायचं. मी ते सुट्टे करून परत द्यायचे.

सुपरवायझरने उपाय काढला तो एकदम गावठी. म्हणाली, "बोलत बोलत कर. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मोठ्याने सांग. सांगता आली नाही तर हात लावायचा नाही." ती रोज दुकान बंद करताना एक जुनी फ्रेम मुद्दाम वाकडी करून ठेवायची, कधी काडी, कधी पूल, कधी दोन्ही. मी घरी नेऊन नवऱ्याच्या चेहऱ्यावर बसवायचे. इंग्रजीत बोलायला गेले की हात पुढे पळायचे, म्हणून मराठीत बोलायला लागले. "टेबलावर उलटा ठेवते. डावी काडी टेकत नाही. काडी वाकडी की पुढचा भाग? समोरून बघते. काचा एका पातळीत नाहीत, म्हणजे पूल पिळलाय. गरम करते. काडीला अजून हात लावणार नाही." नवरा चष्मा घालून बातम्या बघत असायचा. एकदा म्हणाला, "तू स्वतःशी बोलतेस की माझ्या कानाशी?"

डिसेंबर येईपर्यंत एक गोष्ट ध्यानात आली. बोलायला लागल्यापासून मी कमी वाकवत होते. आधी चार वेळा काडी हलवायचे, आता दोनदा. प्लास्टिक थकतं, बिजागरीचा स्क्रू ढिला होतो, तेही वाचत होतं.

हिवाळ्यात परत परीक्षा दिली. पास झाले. २०१८ मध्ये रजिस्टरवर विद्यार्थ्याचं नाव पुसलं जाऊन पूर्ण नाव चढलं. जनरल ऑप्टिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर कुणीही ते शोधू शकतं. मी पहिल्या आठवड्यात स्वतःच पाच-सहा वेळा शोधलं. सांगलीत बातमी पोचली ती 'डोळ्यांची डॉक्टर झाली' अशी. आईने पेढे वाटले. मी दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

आता काम काय बदललं? बाहेरून पाहणाऱ्याला काहीच नाही. तोच काउंटर, तोच गरम हवेचा डबा, त्याच पकडी. फक्त आता लहान मुलाचा चष्मा असला की असिस्टंट मला बोलावतात, आणि रेकॉर्डखाली माझा नंबर जातो. परवा एकीने नुकताच दिलेला चष्मा परत आणला, चपटा झालेला, काडीचं टोक दाताने चावलेलं. आई म्हणाली फुटबॉल. मुलगी म्हणाली भाऊ. भाऊ म्हणाला कुत्रा, त्यांच्या घरी कुत्रा नाही. नियम असा नाही की कारण लिहिलंच पाहिजे, पण मी लिहिते. तिघांचंही लिहिलं.

नजर फारच अधू झालेली माणसं येतात तेव्हा जास्त वेळ लागतो आणि जास्त शांत राहावं लागतं. त्यांना बऱ्याचदा चष्म्याने काही वाचता येणार नसतं. भिंग हातात धरून कागद किती अंतरावर आणायचा, दिवा कुठल्या बाजूला ठेवायचा, हे शिकवावं लागतं. एका आजीबाईंना त्यांच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता आलं, बास, तेवढं आणि तेवढंच हवं होतं. त्यात विक्री दहा मिनिटांची, बसणं तासाभराचं. हा भाग शिकताना मला कंटाळवाणा वाटला होता. आता तोच सगळ्यात आवडतो, का ते नीट सांगता येणार नाही. सुपरवायझर असती तर या वाक्याभोवती लाल गोल काढला असता.

दर वर्षी मार्च संपायच्या आत नोंदणी नव्याने करावी लागते, फी भरून. त्याशिवाय तीन वर्षांच्या चक्रात ठरावीक गुणांचं शिक्षण चालू ठेवावं लागतं. नाही केलं तर नाव खाली. मामाला हे कळल्यावर तो फार हसला. "म्हणजे पास होऊनही पास नाही?"

पास झाल्यावर पुढच्या वर्षी सांगलीला गेले. दुकान तसंच, फक्त दगडाचं चाक जाऊन ऑटोमॅटिक मशीन आलेलं. मामा काउंटरमागे, आणि मामाचा स्वतःचा चष्मा असा, की उजव्या काडीच्या बिजागरीत स्क्रूऐवजी काळा दोरा. चष्मेवाल्याच्याच चष्म्याला दोरा, म्हणजे न्हाव्याचेच केस वाढलेले. डावी काच भुवईपर्यंत, उजवी गालावर. मी म्हटलं, "मामा, दे इकडे."

त्याने मुकाट्याने काढून दिला. मी दोरा कापला, डब्यातून स्क्रू शोधला, बसवला. मग चष्मा काउंटरच्या काचेवर उलटा ठेवला. "चारी बाजू टेकत नाहीत," मी म्हटलं. "डावी काडी वर राहतेय. काडी वाकडी की पुढचा भाग, ते आधी बघते. समोरून पूल सरळ दिसतोय. म्हणजे काडीच. गरम करते..."

मामा डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलेलं.

"अगं, लोकं बघतायत," तो म्हणाला. "गप्प बसून कर की."